शिसे, डीबीसीपी आणि दुर्लक्षित पुरुष: प्रजननावर घाला घालणाऱ्या रसायनांची पार्श्वभूमी

विषारी पदार्थांमुळे गर्भ टिकत नाही, ही शंका जुनी आहे. १८६० मध्ये फ्रेंच डॉक्टर कॉन्स्टान्टिन पॉल यांनी शिशाचे काम करणाऱ्या बायकांच्या गर्भपातांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. फक्त नवरा शिशात काम करत होता, अशा घरांतले गर्भपातही त्यांनी नोंदवले होते. यातली पहिली बाब लोकांनी उचलली, दुसरी बाजूला पडली. पुढे कित्येक दशके उपाय एकच ठरला, बायकांना त्या कामावर घ्यायचे नाही. शिसे होते तिथेच राहिले आणि त्यात हात घालणारे पुरुषही.

पुरुषांकडे लक्ष गेले ते १९७७ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉप इथे. तिथल्या कारखान्यात डीबीसीपी हे जमिनीतल्या सूत्रकृमींना मारणारे कीटकनाशक तयार होत असे. आपल्यापैकी फारशा कोणाला मुले होत नाहीत, हे कामगारांच्या आपापसातल्या बोलण्यातून पुढे आले. मग वीर्यतपासणी झाली. अनेकांच्या वीर्यात शुक्राणू फारच कमी निघाले, काहींच्या वीर्यात एकही नव्हता. एरवी ही माणसे धडधाकट होती. डीबीसीपी वृषणातल्या शुक्राणू घडवणाऱ्या मूळ पेशी मारते, टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या पेशींना मात्र तेवढा धक्का लावत नाही. त्यामुळे कामेच्छा कमी होत नाही, अशक्तपणा येत नाही आणि तपासल्याशिवाय काही कळत नाही.

चीड येते ती पुढच्या गोष्टीची. या रसायनाने उंदरांचे वृषण आक्रसतात, हे उत्पादक कंपन्यांनीच करवून घेतलेल्या प्रयोगांत दिसले होते आणि १९६१ मध्ये छापूनही आले होते. म्हणजे कामगारांना कोणी सांगितले असते, तर सोळा वर्षे वाचली असती. अमेरिकेत १९७९ मध्ये डीबीसीपीचा बहुतेक वापर थांबला. मध्य अमेरिकेतल्या केळीच्या मळ्यांवरचे हजारो मजूर मात्र वंध्यत्वाची भरपाई मागत वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले.

शिशाचा जुना उपायही सहजासहजी गेला नाही. बॅटरी बनवणाऱ्या एका अमेरिकी कंपनीने मूल होऊ शकणाऱ्या सगळ्या बायकांना शिशाच्या कामातून वगळले होते. ते बेकायदा असल्याचा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिला. शिशाचा पुरुषांच्या प्रजननावरही परिणाम होतो, याचे पुरावे त्या खटल्यात मांडले गेले होते.

दरम्यान संप्रेरकांचा धागा वेगळीकडून येत होता. गर्भपात टळावा म्हणून गर्भवतींना दिले जाणारे डीईएस हे कृत्रिम इस्ट्रोजेन (स्त्री-संप्रेरक) निरुपयोगी असल्याचे १९५३ मध्येच दिसले, तरी ते चालूच राहिले. १९७१ मध्ये अशा मातांच्या तरुण मुलींमधल्या योनीच्या दुर्मिळ कर्करोगाशी त्याचा संबंध लागला. पुढे या मुलींच्या गर्भाशयातले दोष आणि वंध्यत्वही समोर आले. पोटात असताना झालेला परिणाम वीस वर्षांनी उघड होऊ शकतो, हे तेव्हा पटले.

१९९२ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी जुने अभ्यास एकत्र करून मांडले की शुक्राणूंची सरासरी संख्या सुमारे पन्नास वर्षांत मिलिलिटरमागे ११.३ कोटींवरून ६.६ कोटींवर आली. मोजण्याच्या पद्धती आणि कारणे यांवर तेव्हापासून वाद आहे. रसायनांखेरीज लठ्ठपणा आणि धूम्रपानाकडेही बोट दाखवले जाते. वाद योग्यच आहे, पण त्याच्या नावाखाली रसायनांच्या चाचण्या लांबवणे मला मान्य नाही. प्लास्टिकमधल्या बिस्फेनॉल ए या पदार्थाचा इस्ट्रोजेनसारखा गुण १९३६ मध्ये नोंदला गेला होता. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने त्याची रोजची सुरक्षित मर्यादा सुमारे वीस हजार पटींनी खाली आणली ती २०२३ मध्ये.