पार्श्वभूमी : 'आनुवंशिक नाही' म्हणजे नेमके काय?

गुण एका पिढीतून दुसरीत कोणत्या प्रमाणात उतरतात याचा हिशेब मांडणारे मेंडेलचे वाटाण्याच्या झाडांवरचे प्रयोग १८६६ साली छापून आले आणि १९०० पर्यंत जवळजवळ विस्मरणात गेले. १९०२ मध्ये तोच हिशेब अल्काप्टोन्युरिया या माणसाच्या आजाराला लागू पडतो असे दिसले. तेव्हापासून डॉक्टरांचा पहिला प्रश्न ठरून गेला : घराण्यात कुणाला होते का?

१९५९ मध्ये डाउन सिंड्रोममागे एक जादा गुणसूत्र असल्याचे कळले आणि हा प्रश्न अपुरा पडला. दोष गुणसूत्रांचा, पण बहुतेकदा आईवडिलांकडून न आलेला. मराठीत आपण जन्मजात, जनुकीय आणि आनुवंशिक हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. त्यातला 'आनुवंशिक' सर्वांत फसवा, कारण तो मागच्या पिढीविषयी बोलतो आणि कुटुंबाला जाणून घ्यायचे असते पुढच्या पिढीविषयी.

अकाँड्रोप्लेजियाचेच पाहा. उंची खुंटवणारा हा विकार असलेल्या सुमारे ८० टक्के मुलांचे आईवडील सर्वसाधारण उंचीचे असतात. जनुकातला बदल मुलात नव्यानेच घडलेला असतो. 'आनुवंशिक नाही' हे ऐकून घराला हायसे वाटते. पण तेच मूल उद्या आई किंवा बाप होईल, तेव्हा प्रत्येक गर्भारपणात तो बदल पुढे जाण्याची शक्यता ५० टक्के असते. उलट, कर्करोगाच्या गाठीत घडलेले बदल जनुकीयच, तरी बीजपेशींत (अंडपेशी किंवा शुक्रपेशींत) नसल्याने मुलांपर्यंत पोहोचत नाहीत. शिवाय आईवडिलांच्या रक्तात न सापडलेला बदल त्यांच्या काही बीजपेशींत दडलेला असू शकतो. म्हणून 'पुढच्या बाळाला धोका शून्य' असे लिहून देणे मला बेजबाबदार वाटते.

'वाहक', म्हणजे सदोष जनुकाची एक प्रत असूनही स्वतः आजारी नसलेला माणूस, या शब्दानेही माणसे दुखावली आहेत. रोगवाहक डासाची आठवण करून देणारा हा शब्द निरोगी माणसाला चिकटतो. १९७०च्या दशकात अमेरिकेत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासण्या झाल्या, तेव्हा अशा निरोगी वाहकांना नोकरी आणि विमा नाकारला गेला.

पुढे वेग वाढला. फुप्फुसांना ग्रासणाऱ्या सिस्टिक फायब्रोसिसचे जनुक १९८९ मध्ये सापडले, मेंदूला ग्रासणाऱ्या हंटिंग्टन आजाराचे १९९३ मध्ये. १९९० मध्येच, गर्भाशयात सोडण्याआधी तपासलेल्या भ्रूणांतून बाळे जन्मली होती. २०१८ मध्ये चीनमध्ये भ्रूणावस्थेतच जनुके बदललेल्या मुली जन्मल्याचे जाहीर झाले आणि जगभर संताप उसळला. तो बदल त्यांना आईवडिलांकडून आलेला नाही. त्यांच्या बीजपेशींत उतरला असेल, तर त्यांच्या मुलांकडे मात्र जाऊ शकतो.