परत मागवलेली भाजी आपल्या दुकानात आली होती का?

अमेरिकेत एखादी भाजी किंवा फळ बाजारातून परत मागवल्याची बातमी आली, की लोकांना आधी एकच गोष्ट हवी असते : आपण जिथून भाजी घेतो, त्या दुकानात हा माल आला होता का? याचं सरळ उत्तर मिळायला तिथल्या ग्राहकाला फार वर्षं थांबावं लागलं.

२००६ मध्ये पालकातून ई. कोलाय हा पोट बिघडवणारा जिवाणू पसरला आणि दोनशेच्या आसपास माणसं आजारी पडली. माग लागला तो रुग्णांच्या फ्रीजमध्ये उरलेल्या पिशव्यांवरून. त्यांवर ‘पी२२७ए’ असा छाप होता. २२७ म्हणजे वर्षाचा २२७ वा दिवस, १५ ऑगस्ट. तेवढ्या धाग्यावरून तपास कॅलिफोर्नियातल्या सॅन बेनिटो काउंटीतल्या शेतापर्यंत गेला.

सुट्या मालाला असा धागाच नसतो. केळ्यावरच्या स्टिकरवरचा ४०११ हा आकडा एवढंच सांगतो, की हे केळं आहे. कुठल्या शेतातलं, ते नाही. टोमॅटोचं तर आणखी अवघड, कारण वेगवेगळ्या शेतांतला माल आकार आणि रंग बघून पुन्हा एकत्र भरला जातो. २००८ मध्ये साल्मोनेला या जिवाणूने १,४०० हून जास्त लोक आजारी पडले, तेव्हा आधी संशय टोमॅटोवर आला. नंतर मेक्सिकोतल्या हालापेन्यो आणि सेरानो मिरच्या सापडल्या. तोवर टोमॅटो पिकवणाऱ्यांचं व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं.

दुकानांची नावं मात्र माहीत असूनही सांगितली जात नसत. कोण कुणाला माल देतो, हे व्यापारी गुपित धरलं जाई. माणसाच्या जिवापुढे हे गुपित कसलं, हे मला अजून पटत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने घातक ठरलेल्या मांसापुरती दुकानांची यादी २००८ पासून द्यायला सुरुवात केली. फळं-भाज्या अन्न व औषध प्रशासनाकडे. त्यांनी २०१८ मध्ये कापलेल्या खरबूज-कलिंगडाच्या वेळी दुकानांची नावं जाहीर केली आणि त्याच सप्टेंबरात अशा याद्यांबद्दलच्या मार्गदर्शक सूचनांचा मसुदा काढला.

२०११ च्या कायद्याने या प्रशासनाला माल परत मागवण्याचा हुकूम काढायचा अधिकार दिला. २०२२ च्या नियमाने पालेभाज्या, टोमॅटो, कापलेली फळं यांच्या लॉटची, म्हणजे एका वेळी भरलेल्या मालाच्या गटाची, नोंद ठेवणं आणि मागितल्यावर २४ तासांत देणं बंधनकारक केलं. अंमलबजावणी आधी जानेवारी २०२६ ला होती, ती जुलै २०२८ वर गेली. पण हा लॉट नंबर दुकानापर्यंतच येतो. ग्राहकाच्या हातातल्या टोमॅटोवर तो छापायची सक्ती या नियमात नाही.