कयाकसाठी सागाचा हट्ट नको, फळीची वलये पाहा

ठाणे खाडीत वल्हवायला स्वतःच्या हाताने कयाक बांधू म्हणणारे तरुण भेटतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सागाचा भाव काय? होडी म्हणजे साग, हे आपल्या डोक्यात पक्के बसले आहे. पट्ट्यांच्या कयाकला मात्र साग नकोच.

या बांधणीत 6 मिमी जाड, 20 मिमी रुंद पट्ट्या साच्यांवर कडेला कड लावून चिकटवतात. मग आतून-बाहेरून काचतंतूंचे कापड आणि इपॉक्सी, म्हणजे सुकून कडक होणारी राळ. ताण मुख्यतः काचेचे थर पेलतात. लाकूड त्या दोन थरांत अंतर राखते. अंतर दुप्पट झाले की कडकपणा जवळपास चौपट होतो. म्हणून लाकूड हलके हवे. पाच चौरस मीटर पृष्ठभाग धरला, तर सागाच्या पट्ट्या 19-20 किलो भरतील, वेस्टर्न रेड सीडारच्या 11. शिवाय साग तेलकट, चिकटवायला कटकटीचा. सीडार उत्तर अमेरिकेतून येतो. इथल्या झाडांपैकी मी शिवण निवडेन. सीडारपेक्षा जड, पण सागापेक्षा हलकी आणि कमी आकसणारी.

पण जातीपेक्षा महत्त्वाचे आहे ते चिरणे, आणि ते समजायला पेशीत डोकवावे लागते. लाकूड म्हणजे उभ्या, पोकळ पेशींची मोळी. पेशीभित्तीच्या सर्वांत जाड थरात सेल्युलोजचे सूक्ष्म तंतू जवळजवळ उभे गुंडाळलेले असतात. हवेतल्या बाष्पाचे रेणू या तंतूंच्या मध्ये शिरतात आणि त्यांना बाजूला ढकलतात. म्हणून लाकूड आडवे फुगते, लांबीत जवळपास नाही. आडव्यातही दोन दिशा: गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या किरणपेशी त्या दिशेची हालचाल रोखून धरतात, त्यामुळे झाडाच्या वाढीच्या वलयांना समांतर फुगणे गाभा-साल दिशेच्या साधारण दुप्पट. सीडार पूर्ण सुकताना वलयांच्या दिशेने 5 टक्के आकसतो, गाभा-साल दिशेने 2.4.

आता नवी मुंबईची हवा घ्या. हिवाळ्यात लाकडातला ओलावा 11 टक्क्यांच्या आसपास असेल, तर जुलैत उघड्या लाकडात तो 18 वर जातो. कयाकच्या 60 सेंमी घेराच्या भागात 30 पट्ट्या बसतात. त्यांची रुंदी वलयांना समांतर असेल, तर एवढ्या फरकाने घेर 7 मिमी हलेल. वलये पट्टीच्या रुंद बाजूला काटकोनात असतील, तर साडेतीन.

गंमत अशी की यासाठी महागडी फळी लागत नाही. वखारीत मिळणारी, वलये आडवी पडलेली 20 मिमी जाडीची साधी फळी घ्या आणि तिच्या कडेवरून 6 मिमीच्या पट्ट्या उतरवा. फळीची जाडी पट्टीची रुंदी होते आणि आडवी वलये आपोआप उभी होतात! फळीचे टोक ओल्या फडक्याने पुसले की वलये स्पष्ट दिसतात.

अमावस्येला तोडलेल्या लाकडाला कीड लागत नाही, असे वखारीत सांगतील. भुंगेऱ्याला हवा असतो बाहेरच्या पांढऱ्या लाकडातला स्टार्च. तिथीपेक्षा तो पांढरा भाग टाळा.

पट्ट्या दिवाळीनंतर चिरा. चिकटवण्याआधी 100 ग्रॅमचा तुकडा ओव्हनमध्ये 103 अंशांना वजन स्थिर होईपर्यंत सुकवा. 90 ग्रॅम उरला तर ओलावा 11 टक्के, कामाला लागा. 85 उरला तर तो जवळपास 18 टक्के; पट्ट्या पंख्याखाली आणखी काही आठवडे राहू द्या.