ओसरीवरचे छप्पन्न आणि कॅलेंडरातला सात

मे महिन्यात सोलापुरात दुपारी बाहेर पाय ठेवायची सोय नसते, त्यामुळे भाची सुट्टीला आली की आम्ही दोघी ओसरीवरच्या शहाबादी फरशीवर पडून असतो, घरातली तीच काय ती गार जागा. तिचे पाढे पाठ आहेत, पण ओळीने म्हटले तरच. मधूनच "सात आठे?" विचारलं की स्वारी परत सात एके सातपासून सुरू.

मग एकदा म्हटलं, तोंडाने राहू दे, फरशा बघ. आमच्या ओसरीवर एका ओळीत ७ फरशा आणि अशा ८ ओळी. कपाटातली सोलापुरी चादर काढली, घडी घालून ३ ओळी झाकल्या. उघड्या राहिल्या ५ ओळी, सात पंचे पस्तीस, हे लगेच आलं. चादरीखाली सात त्रिक एकवीस. ३५ आणि २१, झाले ५६! मग चादर सरकवून ४ ओळी झाकल्या, तर २८ आणि २८. "मावशी, कशीपण सरकव, छप्पन्नच येतंय की!" हाच तो गणितातला वितरण नियम, पुस्तकात नावानिशी भेटतो तेव्हा फार कोरडा वाटतो.

आणि फरशीवर अजून एक गोष्ट दिसते. या बाजूला बसून बघा, ७ च्या ८ ओळी. उठून त्या बाजूला बसा, ८ च्या ७ ओळी. फरशा त्याच! म्हणजे १ ते १० च्या पाढ्यांत जे १०० गुणाकार आहेत त्यातले वेगळे फक्त ५५. त्यातून १, २, ५ आणि १० चे सोपे सोडले तर उरतात २१. एवढेच २१ अवघड असतात हो, पोरांना उगाच शंभरचं ओझं वाटतं.

सोलापूरच्या मुलांना विचारायचा एक छोटा प्रश्न, ग्रामदैवत सिद्धेश्वरांनी स्थापलेली ६८ शिवलिंगं, तर ६८ खडे घेऊन किती प्रकारचे आयत मांडता येतील? १×६८, २×३४ आणि ४×१७. एक खडा काढून ६७ करा, एका सरळ रांगेशिवाय काहीच जमत नाही. मूळ संख्या म्हणजे काय ते मुलांना हाताने कळतं.

पण मला सगळ्यात आवडतो तो भिंतीवरच्या कॅलेंडरचा खेळ. शेजारशेजारच्या चार तारखांचा चौकोन घ्या, समजा ३, ४, १० आणि ११. तिरका गुणाकार करा. ३×११ म्हणजे ३३, ४×१० म्हणजे ४०. फरक ७. दुसरा चौकोन घ्या, तिसरा घ्या, फरक ७ च! भाचीने पूर्ण मे महिना तपासला, तेवढ्यात तिचे चाळीसेक गुणाकार होऊन गेले आणि कंटाळा नाही.

असं का होतं? पुन्हा फरशांवर या. ३ ओळी, प्रत्येकीत १० फरशा, हा भाग दोन्ही गुणाकारांत आहेच. ४×१० मध्ये त्यावर १० ची एक अख्खी ओळ वाढते. ३×११ मध्ये प्रत्येक ओळीला एकेकच फरशी जास्त, म्हणजे ३. दहातून तीन गेले, सात. आणि १० ही ३ च्या बरोबर एका आठवड्यानंतरची तारीख, म्हणून चौकोन कुठलाही घ्या, ही वजाबाकी कायम एका आठवड्याचीच. आठवडा ८ दिवसांचा असता तर फरक ८ आला असता, हे तिने स्वतःच सांगितलं, मला विचारायलाही लागलं नाही.

आता पुढचं तुमच्या घरातल्या पोरांना द्या. तीन बाय तीनचा चौकोन घेऊन फक्त कोपऱ्यांचा तिरका गुणाकार केला तर फरक येतो २८. चार बाय चारला ६३. तर ७, २८, ६३, हे सातच्या पाढ्यात कितव्या कितव्या जागी आहेत ते बघायला सांगा.