सागरी गाळावरून प्राचीन सागरी तापमान

समुद्रतळाला साचलेल्या गाळावरून हजारो-लाखो वर्षांपूर्वी पाणी किती गरम होतं ते काढायची पद्धत. नळीने उपसलेला गाळ बारीक चाळणीत धुतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली फोरॅमिनिफेरा (थोडक्यात फोरॅम) या एकपेशीय जीवांची कवचं ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक करून उचलतात, कवच जेमतेम पाव मिलिमीटरचं, दिसायला रव्याच्या कणासारखं.

कवचात ऑक्सिजनचे हलके आणि जड असे दोन समस्थानिक, म्हणजे वेगवेगळ्या वजनाचे अणू, असतात आणि पाणी गार असेल तर जड ऑक्सिजन थोडा जास्त बसतो. हे तत्त्व १९४७ मध्ये रसायनशास्त्रज्ञ हॅरल्ड युरी यांनी मांडलं, पण वाद झाला तो भूवैज्ञानिक चेझारे एमिलियानी यांच्या १९५५ च्या लेखावरून. कॅरिबियन गाळातल्या, पृष्ठभागाजवळ तरंगणाऱ्या फोरॅमवरून त्यांनी हिमयुगात तिथलं पाणी साधारण ६ अंशांनी गार झालं असं काढलं. अडचण अशी की हिमयुगात हलका ऑक्सिजन बर्फात अडकून पडतो आणि समुद्रात जड उरतो, म्हणजे थंडी आणि बर्फ दोन्ही जड ऑक्सिजनचा आकडा एकाच बाजूला ढकलतात. भूवैज्ञानिक निकोलस शॅकल्टन यांनी १९६७ मध्ये दाखवलं की तळाशी राहणाऱ्या फोरॅममध्येही जवळपास तेवढाच बदल दिसतो, आणि तळाचं पाणी आजच इतकं गार आहे की आणखी ६ अंश उतरायला जागाच नाही, ते गोठेल. तेव्हा बहुतेक बदल बर्फाचा, हेच मत आता जास्त ग्राह्य वाटतं.

म्हणून तापमानासाठी वेगळ्या खुणा लागतात: कवचातलं मॅग्नेशियम, जे दर अंशाला साधारण ९ टक्क्यांनी वाढतं, नाहीतर सूक्ष्म शैवालांचे अल्केनोन नावाचे मेणासारखे रेणू. अल्केनोनची मोजपट्टी मात्र २८-२९ अंशांच्या आसपास संपते, त्यामुळे आपल्याकडच्या उबदार पाण्यात ती जपूनच वापरावी.

गाळाचं वय साधारण ४०-५० हजार वर्षांपर्यंत कार्बन-१४ वरून ठरतं, त्यामागचं पृथ्वीच्या चुंबकीय दिशा उलटल्याच्या खुणा आणि ऑक्सिजनच्या आकड्यांचा चढउतार यांवरून काढतात.

अरबी समुद्रात २०१५ साली समुद्रतळ खोदणाऱ्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाच्या (IODP) मोहीम क्रमांक ३५५ ने खोल गाळ उपसला. ऐरोली-ठाण्याच्या खाडीचा काळा चिखल मात्र या कामाला चालत नाही, फोरॅम त्यातही सापडतात पण खेकडे आणि भरती-ओहोटी थर ढवळून टाकतात, वर पावसाळ्यात गोडं पाणी शिरलं की कवचातला आकडा तापमानाचा की खारेपणाचा तेच कळत नाही. असे खाडीतले फोरॅम प्रदूषणाचा माग काढायला जास्त कामाला येतात.