विमान देखभाल अभियंत्याचा परवाना (गोवा)

दुरुस्तीनंतर विमान उड्डाणास योग्य आहे, असा दाखला देऊन सही करण्याचा अधिकार ज्यावर आधारलेला असतो तो परवाना. भारतात तो नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते.

जुन्या पद्धतीत सांगाडा, इंजिन आणि विद्युत-उपकरणे-रेडिओ यांची लायसन्स वेगवेगळी होती. 2010 च्या दशकात युरोपीय धर्तीचा कार-66 (परवान्यांविषयीचा) नियम आला. सांगाडा, इंजिन व विद्युत यंत्रणा बी1 वर्गात एकत्र आल्या, एव्हिऑनिक्स म्हणजे विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बी2 कडे गेली. जुन्या परवान्यात नसलेले अधिकार नव्यावर मर्यादा म्हणून नोंदले गेले.

बी1.1 साठी, म्हणजे टर्बाइन इंजिनाच्या विमानांसाठी, 5 वर्षांचा अनुभव लागतो. मान्यताप्राप्त संस्थेचा 2400 तासांचा अभ्यासक्रम केल्यास 2 वर्षे पुरतात. परीक्षेच्या प्रत्येक मॉड्यूलमध्ये (विषयात) 75 टक्के गुण हवेत. एवढ्यावर मोठ्या विमानावर सही करता येत नाही; त्या विमान-इंजिन जोडीचे टाइप रेटिंग, म्हणजे परवान्यावरची स्वतंत्र नोंद, लागते. एअरबस ए320 चे सीएफएम56 इंजिनाचे टाइप रेटिंग नव्या लीप-1ए इंजिनाच्या विमानाला चालत नाही. प्रॅट अँड व्हिटनी इंजिनासाठी आणखी वेगळे. वर देखभाल संस्थेचे अधिकारपत्र लागतेच. म्हणून बेरोजगार परवानाधारक आणि इंजिनीअरची टंचाई एकाच वेळी दिसू शकते. तरुणांना हे प्रवेश घेण्यापूर्वीच सांगायला हवे.

गोव्यासारख्या लाइन स्टेशनवर (जिथे उड्डाणांच्या दरम्यान विमानाची तपासणी व किरकोळ दुरुस्ती होते) याचा ताण रात्रपाळीत जाणवतो. पार्किंग ब्रेक लावून ब्रेकची वेअर पिन, म्हणजे झीज दाखवणारी पिन, पाहतात. ती कडेशी समतल झाली असेल तर ब्रेक बदलतात. अधिकारपत्रात ते काम असेल तर ए वर्गाचा (साध्या, ठरावीक कामांचा परवाना असलेला) माणूस ते स्वतः करून सही करू शकतो. पण पावसाळ्यात हवामान रडार बिघडले, दोष शोधावा लागला, तर बी2 च हवा. वाटेत गडगडाटी ढगांचा अंदाज असेल तर रडार बंद ठेवून उड्डाण करता येत नाही, आणि पाळीत बी2 नसेल तर विमान उभे राहते.

दाबोळीच्या जोडीला 5 जानेवारी 2023 पासून गोव्याचा दुसरा विमानतळ मोपा सुरू झाल्यावर हे दुहेरी झाले. दोन्हीकडे उड्डाणे ठेवणाऱ्या कंपनीला दाबोळीतला माणूस मोपाला धाडायचा तर जुवारी, मांडवी आणि कोलवाळ असे तीन पूल ओलांडावे लागतात. पाळीला दोन्ही ठिकाणी स्वतंत्र माणसे ठेवणे हाच खरा उपाय.

दाबोळीच्या नौदल तळावरून निवृत्त झालेल्या तंत्रज्ञांचा अनुभव परवान्यासाठी धरला जातो, मात्र नागरी विमानांवरचा काही अनुभव जोडावा लागतो. मागील 2 वर्षांत 6 महिने काम नसेल तर हातातला परवानाही वापरता येत नाही. त्यामुळे केलेले काम, तारीख, विमानाचा नोंदणी क्रमांक आणि देखरेख करणाऱ्याची सही लॉगबुकात त्याच दिवशी घ्यावी. वर्षानंतर सही देणारा त्याच स्टेशनवर असेलच असे नाही.