सॅल्मनच्या पोटी ट्राउट, आणि आपल्या दारणेतला एक मासा

'बांगड्याच्या पोटी कुपा (टूना) जन्मणार' अशा अर्थाची बातमी अधूनमधून मोबाइलवर फिरते. ती वाचून काहींना हा निसर्गाशी चाललेला खेळ वाटतो, तर काहींना महागडा मासा आता बांगड्याच्या भावात मिळेल अशी आशा वाटू लागते. दोन्ही समज चुकीचे आहेत. ज्या संशोधनावर ही बातमी बेतलेली आहे, त्यात दोन जातींचा संकर नाही आणि जनुके बदलून घडवलेला नवा प्राणीही नाही. त्या संशोधनाचे खरे मोल स्वस्त माशापेक्षा कितीतरी मोठे आहे, आणि समुद्रापासून दूर, घाटमाथ्यावर राहणाऱ्या नाशिककरांनाही ते समजून घ्यावेसे वाटेल असे आहे.

हे काम टोकियो सागरी विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात झाले. व्यापारी नौकानयन आणि मत्स्यविज्ञान यांची दोन जुनी विद्यापीठे एकत्र करून 2003 साली ही संस्था स्थापन झाली. तिथले प्रा. गोरो योशिझाकी आणि त्यांचे सहकारी यांनी ज्या माशांवर हे प्रयोग केले ते खुल्या समुद्रातले नव्हेत, तर थंड गोड्या पाण्यात अंडी घालणारे ट्राउट आणि सॅल्मन होते.

द्राक्षबागायतदारांना यातली मूळ कल्पना लवकर कळेल. आपल्याकडे डॉगरिज या वाणाच्या खुंटावर थॉमसन या खाण्याच्या द्राक्षाचे कलम केले जाते. मुळे डॉगरिजची असली तरी घड थॉमसनचेच लागतात, खुंटामुळे मण्यांची जात बदलत नाही. जपानी संशोधकांनी माशाच्या शरीराचा असाच खुंट केला. मात्र त्यावर त्यांनी फांदी किंवा डोळा बसवला नाही, त्यांनी बसवल्या त्या पुढची पिढी निर्माण करणाऱ्या पेशी.

माशांसह बहुतेक प्राण्यांच्या गर्भात अगदी सुरुवातीलाच काही मोजक्या पेशी बाकीच्या पेशींपासून वेगळ्या पडतात. त्यांना आदिबीजपेशी म्हणतात. त्यांच्यापासून पुढे शुक्राणू किंवा अंडी तयार होतात, पण विशेष असे की त्या जिथे निर्माण होतात तिथे अंडाशय किंवा वृषण नसते. त्यांना शरीरातून प्रवास करून तिथवर पोहोचावे लागते. अमीबाप्रमाणे छद्मपाद पुढे टाकत त्या सरकतात आणि वाटेतल्या ऊतींनी सोडलेल्या रासायनिक संकेतांचा माग काढतात. झेब्राफिश या लहान माशावरील अभ्यासात या संकेतांपैकी एक प्रथिन आणि ते ओळखणारा पेशीवरचा ग्राहक (रिसेप्टर) नेमकेपणाने सापडला आहे. संकेतांची ही भाषा जवळच्या जातींमध्ये जवळपास सारखीच असते. म्हणूनच रेनबो ट्राउटच्या बीजपेशी मासू सॅल्मनच्या नुकत्याच अंड्याबाहेर आलेल्या पिल्लाच्या उदरपोकळीत बारीक काचेच्या सुईने सोडल्या, तर त्या परक्या शरीरातही बरोबर वाट काढत जननग्रंथीपर्यंत पोहोचतात आणि तिथे स्थिरावतात. पिल्लाची प्रतिकारशक्ती अजून परिपक्व झालेली नसल्याने परक्या पेशी नाकारल्याही जात नाहीत. पेशींचा हा प्रवास डोळ्यांना दिसावा म्हणून संशोधकांनी अशा ट्राउटच्या पेशी वापरल्या, ज्यांच्या बीजपेशींत जेलीफिशमधले हिरवे चमकणारे प्रथिन तयार होते. ही जनुकीय खूण केवळ निरीक्षणासाठी होती, तंत्राला तिची गरज नाही.

2004 साली या पद्धतीने सॅल्मनच्या नरांनी ट्राउटचे शुक्राणू दिले, पण त्यांचे प्रमाण अगदी अल्प होते, कारण यजमानाच्या, म्हणजे पेशी स्वीकारणाऱ्या सॅल्मनच्या, स्वतःच्या बीजपेशीही आपले काम करतच होत्या. यावरचा उपाय मला या साऱ्या संशोधनातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. फलनानंतर लगेच अंड्यांना ठरावीक काळ उष्णतेचा धक्का दिला, तर अंड्यातून एरवी बाहेर टाकला जाणारा गुणसूत्रांचा एक संच आतच राहतो आणि पिल्लाच्या प्रत्येक पेशीत दोनऐवजी तीन संच येतात. असे त्रिगुणित पिल्लू वाढते, पोहते, खाते. परंतु शुक्राणू आणि अंडी तयार करणाऱ्या अर्धगुणसूत्री विभाजनात गुणसूत्रांच्या जोड्या लागाव्या लागतात आणि तीन संचांच्या जोड्या नीट लागत नाहीत, त्यामुळे ते वांझ राहते. त्याच्या जननग्रंथीच्या भोवतालच्या, पोषण करणाऱ्या पेशी मात्र शाबूत असतात. म्हणजे घर तयार आहे आणि राहणारे कोणी नाही, अशा ठिकाणी ट्राउटच्या पेशी नेऊन ठेवायच्या.

2007 साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नेमके हेच केले गेले. या वेळी आदिबीजपेशींऐवजी ट्राउट नरांच्या वृषणातील शुक्राणुजनक पेशी घेतल्या होत्या. दोन वर्षांनी त्या त्रिगुणित सॅल्मनच्या नरांनी केवळ ट्राउटचे शुक्राणू आणि माद्यांनी केवळ ट्राउटची अंडी दिली. त्यांच्या मीलनातून जन्मलेली सर्व पिल्ले ट्राउट होती.

नराच्या वृषणातली पेशी मादीच्या शरीरात जाऊन अंडे बनते, ही गोष्ट क्षणभर थांबून लक्षात घेण्याजोगी आहे. पेशीने शुक्राणू व्हायचे की अंडे, हे तिच्या स्वतःच्या एक्स-वाय गुणसूत्रांपेक्षा तिला मिळालेल्या परिसराने ठरवले. दाता नर एक्स-वाय असल्याने या अंड्यांपैकी काहींत एक्स आणि काहींत वाय गुणसूत्र येते. अशा अंड्यांचा त्याच दात्याच्या शुक्राणूंशी संयोग झाला, तर संततीत एक्स-एक्स माद्या, एक्स-वाय नर आणि वाय-वाय नर असे तीन प्रकार एकास दोनास एक या प्रमाणात अपेक्षित असतात, आणि ट्राउटमध्ये वाय-वाय नरही जगतात. शिवाय संपूर्ण पेशीच स्थलांतरित होत असल्याने तंतुकणिकाही दात्याच्याच राहतात. केवळ केंद्रक बदलून केलेल्या क्लोनिंगमध्ये तसे होत नाही.

याचा व्यावहारिक अर्थ मोठा आहे. माशाचे अंडे आकाराने मोठे आणि बलकाने भरलेले असल्याने ते गोठवून टिकवता येत नाही. वृषण मात्र अख्खे गोठवता येते. 2013 साली याच गटाने द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे 196 अंश सेल्सिअसला ठेवलेल्या वृषणांतील पेशींपासून शुक्राणू आणि अंडी दोन्ही मिळवली. एखाद्या जातीची मादी हाती नसली तरी ती जात परत मिळवण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला.

कुप्याचे काय? 2004 आणि 2007 च्या शोधनिबंधांत बांगडा किंवा कुपा नाही, ट्राउट आणि सॅल्मन आहेत, आणि हे दोन्ही मासे एकाच प्रजातीगटातले आहेत. 2017 साली लहान पफरफिशकडून मोठ्या टायगर पफरची पिल्ले मिळवली गेली, तीही एकाच गटातली. दाता आणि यजमान यांचे नाते जितके दूरचे, तितके परक्या पेशींना तिथे परिपक्व होणे कठीण जाते.  

आता नाशिककडे वळू. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा आणि मिश्रा यांनी 1938 साली देवळालीजवळच्या दारणा नदीतून एका बोटभर माशाचे वर्णन केले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे क्युरेटर एस. एच. प्रेटर यांच्यावरून त्याला पॅराप्सिलोरिंकस प्रेटरी हे नाव मिळाले आणि इंग्रजीत तो 'देवळाली मिनो' म्हणून ओळखला जातो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे. त्याचा जवळचा भाऊबंद पॅराप्सिलोरिंकस टेंटॅक्युलेटस सह्याद्रीच्या ओढ्यांत बऱ्याच ठिकाणी आढळतो. प्रेटरीच्या पेशींसाठी यजमान शोधायचाच झाला, तर शोध त्याच्यापासून सुरू करावा लागेल.

द्रवरूप नायट्रोजन नाशिक जिल्ह्याला नवा नाही. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत त्यातच ठेवलेल्या असतात. मात्र गोठवण्याआधी दारणेत हा मासा कुठे आणि किती उरला आहे, याची पावसाळ्यानंतरची नीट पाहणी हवी, कारण दोन-चार माशांच्या पेशींतून उभी केलेली संतती जनुकीय दृष्ट्या दुबळी राहते. टेंटॅक्युलेटस टाकीत वाढवून त्याची त्रिगुणित पिल्ले करता येतात का, हेही आधी तपासावे लागेल. ही दोन्ही कामे इथल्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांच्या आवाक्यातली आहेत, आणि पहिल्या कामासाठी तर जाळे, मोजपट्टी आणि आवश्यक परवानगी एवढेच लागते.